चाहूल आणि नोंद : एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यामधील आर्थिक-सामाजिक पूर्वचिन्हे

१

समाजात किंवा व्यापारउदिमात एखादे मोठे स्थित्यंतर घडून गेल्यावर त्याची कारणे सांगणे हे इतिहासलेखनाचे नित्याचे काम होय. ते स्थित्यंतर घडत असताना, त्याला नाव मिळण्यापूर्वी, त्याची चाहूल कोणाला लागली आणि ती कोणत्या स्वरूपात नोंदवली गेली, हा प्रश्न तुलनेने कमी विचारला गेला आहे. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. १८४१ ते १८८४ ही सुमारे चव्वेचाळीस वर्षे त्यासाठी निवडली आहेत. या काळात मुंबई इलाख्यात हातमागाचा ऱ्हास, आगगाडी, कापडगिरण्या, शेअरबाजाराची तेजी व मंदी, शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण आणि गिरणीकामगार या नव्या वर्गाचा उदय अशी स्थित्यंतरे एकामागून एक आली. यांपैकी बहुतेकांची दखल सरकारी अहवालांनी घेण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या मराठी लेखकाने घेतली होती.

येथे एक धोका आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो. नंतर जे खरे ठरले तेवढेच जुन्या लेखनातून वेचायचे आणि त्या लेखकास द्रष्टा ठरवायचे, अशी सवय आपल्या वाङ्मयेतिहासात रुजलेली आहे. या सवयीमुळे लेखकाचा गौरव होतो, पण त्याची पद्धत झाकली जाते. त्याला काय दिसले, ते त्याने कशावरून ताडले आणि त्याच वेळी त्याच्या नजरेतून काय निसटले, हे तीनही प्रश्न एकत्र विचारल्याखेरीज पूर्वचिन्हांचे वाचन ही काय वस्तू आहे, ते कळणार नाही. टॉमस कार्लाइलने १८२९ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू' या नियतकालिकात 'साइन्स ऑफ द टाइम्स' हा निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही आरंभी भविष्यकथनाच्या हव्यासाविषयी नापसंती व्यक्त केली होती. आपण कोठे उभे आहोत हे नीट पाहणे अधिक महत्त्वाचे, अशी त्याची भूमिका होती. लिव्हरपूल व मँचेस्टर यांमधील आगगाडी सुरू होण्याच्या एक वर्ष आधी त्याने आपल्या युगाला यंत्रयुग म्हटले. तथापि हे नाव त्याने वर्तमानाला दिले होते, भविष्याला दिलेले नव्हते. मराठीतील ज्या लेखकांचा विचार येथे करावयाचा आहे, त्यांच्या बाबतीतही हा भेद उपयोगी पडतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. एखादी घटना पूर्वचिन्ह म्हणून ओळखता येण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पूर्वीच्या स्थितीची ठोस आठवण, क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांतील पुनरावृत्तीकडे लक्ष, आणि जे दिसले ते बोलता येईल अशी पाहणाऱ्याची जागा. यांपैकी तिसरी गोष्ट निर्णायक ठरते. माहितीच्या अभावी चिन्हे हुकली असे क्वचितच घडते. ज्यांना ती दिसत होती त्यांचे हित ती न पाहण्यात गुंतलेले होते, असे मात्र वारंवार आढळते.

२

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर शिक्षण घेतलेल्या पहिल्या पिढीजवळ तुलनेसाठी दोन स्थिती होत्या. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली जुनी राज्यव्यवस्था त्यांच्या आठवणीत होती, आणि इंग्रजी पुस्तकांतून कळलेला युरोप त्यांच्या वाचनात होता. या दोहोंच्या मध्ये उभे राहून त्यांनी सांप्रतच्या व्यवहाराकडे पाहिले. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'एक हिंदू' या अर्थाच्या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. या देशातील संपत्ती बाहेर जात आहे आणि येथील उद्योग बुडत आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दादाभाई नवरोजी यांनी आपला संपत्ती-अपहरणाचा सिद्धान्त १८६७ मध्ये लंडन येथे मांडण्यास आरंभ केला, त्याच्या पाव शतक आधीची ही पत्रे आहेत. डॉ. जे. व्ही. नाईक यांच्या संशोधनामुळे ती अभ्यासकांच्या दृष्टिपथात आली.

त्यापाठोपाठ १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच हिंदुस्थानची प्राचीन स्थिती, सांप्रतची स्थिती आणि पुढे होणारा परिणाम अशा तीन पायऱ्या आहेत. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या शीर्षकाकडे विशेष लक्ष द्यावे. पुराण, बखर, तवारीख या आधीच्या गद्यप्रकारांत भूतकाळाचे कथन होते, पण त्यावरून वर्तमानाची मोजदाद करून परिणामाचा विचार करण्याची चौकट नव्हती. ही चौकट राज्यशास्त्र व अर्थशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांच्या परिचयातून आली, हे उघड आहे. पण तीत भरलेला मजकूर येथला होता आणि काढलेला निष्कर्ष त्या ग्रंथांच्या विरोधात जाणारा होता. खुल्या व्यापाराचे तत्त्व सांगणाऱ्या राष्ट्राने तो व्यापार एकाच बाजूने खुला ठेवला आहे, ही विसंगती या लेखकांच्या ध्यानात आली होती.

गोपाळ हरि देशमुख ऊर्फ लोकहितवादी (१८२३–१८९२) यांची शतपत्रे भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. त्यांची संख्या १०८ आहे. शतपत्रांचा परिचय सामान्यतः धर्मसुधारणेच्या व ब्राह्मणवर्गावरील टीकेच्या अंगाने करून दिला जातो. तथापि व्यापार आणि कारागिरी हा त्यांतील एक सलग धागा आहे. येथला कापूस विलायतेत जातो, तेथून कापड होऊन परत येतो आणि येथला विणकर रिकामा बसतो, ही साखळी त्यांनी जोडून दाखवली. आपल्या देशात झालेले जाडेभरडे कापड वापरावे, असा उपायही सुचवला. याच सुमारास, १८४९ मध्ये, त्यांचे अर्थशास्त्रावरील 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक निघाले. सार्वजनिक काका म्हणजेच गणेश वासुदेव जोशी हे १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा पोषाख करून गेले, आणि १९०५ मध्ये स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. हे दुवे जोडून लोकहितवादींना स्वदेशीचे आद्य प्रवर्तक म्हणण्याचा मोह होतो.

पण त्यांच्या नजरेतून निसटलेले पाहिल्याखेरीज हे मूल्यमापन पुरे होत नाही. इंग्रजी राज्य हे ईश्वरी योजनेने आले असून त्याच्या सहवासाने लोक शहाणे होतील, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे कारागिराच्या दैन्याचे कारण शोधताना त्यांचे बोट बहुतांशी स्वजनांच्या आळसाकडे व अज्ञानाकडे वळते. जमीनमहसुलाच्या पद्धतीतून खेड्यात काय घडत आहे, याचा विचार त्या मानाने थोडा आहे. ते सरकारी नोकरीत होते, पुण्यातील सरदार व विद्वान वर्गात त्यांचा वावर होता. बाजारपेठेतील कापड त्यांना दिसले, शेतावरील कर्जरोखा त्यांना तितकासा दिसला नाही. हा दोष व्यक्तीचा मानण्यापेक्षा तिच्या उभे राहण्याच्या जागेचा मानणे अधिक न्याय्य होईल.

३

याच काळात शेजारच्या भाषांनी हीच चिन्हे कोणत्या वाङ्मयप्रकारांत नोंदवली, हे पाहणे उद्बोधक आहे. गुजरातीत दलपतराम यांनी १८५१ मध्ये 'हुन्नरखाननी चढाई' हे काव्य रचले. परदेशी उद्योग हा हुन्नरखान नावाचा राजा आणि यंत्र हा त्याचा साहाय्यक, अशी रूपककथा त्यात योजलेली आहे. शतपत्रांतील व्यापारविषयक मजकूर आणि हे काव्य यांत दोन-तीन वर्षांचेच अंतर आहे आणि आशयही बराचसा समान आहे. पण लोकहितवादींनी संपादकाला पत्र लिहिले, तर दलपतरामांनी श्रोत्यांपुढे सांगता येईल असे आख्यान रचले. बंगालीत दीनबंधु मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक १८६० मध्ये आले. ते आधीच्या वर्षी उसळलेल्या नीळ उत्पादकांच्या उठावानंतरचे आहे. त्याची गणना पूर्वचिन्हांच्या नोंदीत करण्यापेक्षा घडलेल्या संघर्षाच्या साक्षीत करावी लागेल. इंग्रजीत याच दशकांत औद्योगिक समाजाच्या चाहुलीचे काम कादंबरीने अंगावर घेतले होते. एलिझाबेथ गॅस्केल यांची 'मेरी बार्टन' १८४८ मधील, तर डिकन्सची 'हार्ड टाइम्स' १८५४ मधील आहे.

मराठीत कादंबरी १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून सुरू होते असे मानले जाते. परंतु व्यापार, गिरणी, कर्ज हे विषय तिने आरंभीच्या काळात फारसे हाताळले नाहीत. ते काम पत्र, वर्णन आणि निबंध या प्रकारांनी केले. याचे एक कारण वृत्तपत्रांच्या वाढीत शोधता येईल. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, 'प्रभाकर' १८४१ मध्ये. वाचकाने संपादकास पत्र लिहावे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, ही प्रथा त्यातून रूढ झाली. पत्र या प्रकाराचे बळ असे की लेखकाला संपूर्ण सिद्धान्त मांडावा लागत नाही. आज बाजारात जे पाहिले तेवढे लिहिता येते, पुढच्या आठवड्यात त्यात भर घालता येते, आणि तशीच गोष्ट पुन्हा आढळली तर तसे म्हणता येते. पुनरावृत्तीकडे लक्ष ठेवण्यास इतका सोयीचा प्रकार दुसरा नव्हता. कादंबरीला चिन्हाचे पात्र करावे लागते, रूपककथेला त्याचा अर्थ आधीच ठरवावा लागतो. पत्राला अर्थ अनिश्चित ठेवूनही नोंद करता येते.

४

गोविंद नारायण माडगावकर (१८१५–१८६५) यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या सुमारे वर्षभर आधी कलकत्त्यात कालीप्रसन्न सिंह यांच्या 'हुतोम प्यांचार नक्शा' या शहरचित्रांनी वाचकांना हसवले होते. एकाच काळात दोन बंदरी शहरांचे दोन देशी भाषांतील चित्रण झाले, ही बाब तुलनेस योग्य आहे. बंगाली लेखकाने बोलीभाषेत उपहास केला, मराठी लेखकाने शांतपणे यादी केली. माडगावकरांच्या ग्रंथात वस्त्या, जाती, देवळे, बाजार, बंदर, कापसाचा व्यापार, आगगाडी, गिरण्या असे सर्व काही येते. वाचकाला तो कधी कधी रुक्ष वाटतो. पण १८६३ हे वर्ष ध्यानात घेतले म्हणजे त्या यादीचे मोल कळते.

बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये चालू झाली होती. म्हणजे माडगावकर लिहीत होते तेव्हा गिरणी हा मुंबईच्या अर्थकारणाचा कणा झालेला नव्हता. हातावर मोजता येतील इतक्याच गिरण्या होत्या. शहराचा सारा रोख कच्च्या कापसाच्या निर्यातीकडे होता. त्यांनी गिरणीला स्वतंत्र युगाचे चिन्ह म्हणून पुढे केले नाही. तिला शहरातील अनेक नव्या गोष्टींच्या ओळीत बसवले. याला कोणी दृष्टीची उणीव म्हणेल. पण पुढे कोणती गोष्ट मोठी होणार हे ठाऊक नसताना सर्वच नव्या गोष्टी सारख्या काळजीने नोंदवणे ही पूर्वचिन्हांच्या वाचनाची पहिली पायरी आहे. निवड आधी केली तर नोंद अपुरी राहते. आज आपल्याला त्या ग्रंथात गिरणीचा आरंभ सापडतो, तो त्यांनी घाईने निवड न केल्यामुळेच.

माडगावकरांचा ग्रंथ निघाला तेव्हा मुंबई एका विलक्षण तेजीत होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले, तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. भाव कडाडले. कापसाच्या पैशातून बँका, वित्तसंस्था व समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. कापूस उतरला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवसाच्या आसपास शहरातील अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्याचीही मालमत्ता गेली. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

युद्ध कधी तरी संपणार आणि ते संपले की भाव उतरणार, हे जाणण्यास अर्थशास्त्र शिकण्याची आवश्यकता नव्हती. चिन्ह गुप्त नव्हते, ते बोटीने येणाऱ्या प्रत्येक टपालात होते. गुजराती कवी नर्मद यांचे 'डांडियो' हे पाक्षिक १८६४ मध्ये सुरू झाले आणि त्याने पैशाच्या या धुंदीवर कोरडे ओढले. पण व्यापारी, दलाल, बँकेचे संचालक, सरकारी अधिकारी असे सर्वच ज्या तेजीत भागीदार होते, तिच्या विरुद्ध बोलण्याची जागा कोणाकडे होती? तीन अटींपैकी पहिल्या दोन येथे भरपूर पुरवल्या गेल्या होत्या. युद्धापूर्वीचे भाव सर्वांच्या स्मरणात होते, रोजचे भाव छापून येत होते. तिसरी अट मात्र जवळजवळ नाहीशी झाली होती.

५

या तेजीचा दुसरा अध्याय शहराबाहेर, दख्खनच्या पठारावर घडला. तेथील चिन्हांचे वाचन अधिक वेदनादायक आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचा महसुली बंदोबस्त होता. त्याची फेरआकारणी १८६७ मध्ये सुरू झाली. युद्धकाळातील चढ्या भावांचा प्रभाव अद्याप ओसरलेला नसताना सारा वाढवला गेला. पुढे भाव उतरले, वाढलेला सारा कायम राहिला आणि तेजीच्या दिवसांत सैल सुटलेली सावकारी पत आखडू लागली. शेतकऱ्याच्या अंगठ्याखाली रोख्यांवर रोखे जमले.

याची चाहूल सरकारला लागलेली नव्हती असे नाही. महसुली बंदोबस्ताच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या कॅप्टन विंगेट यांनी १८५२ मध्येच लिहून ठेवले होते की नव्या कायद्याने व न्यायालयांनी सावकाराच्या हाती पूर्वी नसलेली सत्ता दिली आहे. त्यांच्याजवळ पूर्वस्थितीची आठवण होती, खेडोपाडी फिरून जमवलेले तपशील होते आणि बोलण्याचा अधिकारही होता. पण हे बोलणे दप्तरात राहिले. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना १८७० मध्ये झाली, आणि तिने शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी हाती घेतली. तिचे निष्कर्षही दंग्यांपूर्वीचे आहेत.

सर्वांत स्पष्ट चिन्ह मात्र लेखणीतून उमटलेले नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी रहिवाशांनी परगावाहून आलेल्या सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांची हजामत करायची नाही, त्यांच्या घरी पाणी भरायचे नाही, असे ठरले. हा एक कडक पण शांततेचा निर्बंध होता. तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा झाला, आणि त्यानंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत अनेक ठिकाणी दंगे झाले. जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्याच्या दप्तरातील रोखे व खतपत्रे हस्तगत करून ती जाळण्यावर होता. कागद हेच आपल्या बंधनाचे साधन आहे, ही अचूक समजूत त्यामागे होती. विंगेट यांनी जे वाक्यांत लिहिले होते तेच या निरक्षर माणसांनी कृतीतून सांगितले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे येथे एक अडचण उभी राहते. आपण पूर्वचिन्हे लिखित संहितांत शोधतो. करडे गावचा बहिष्कार आपल्याला ज्ञात आहे तो सरकारी आयोगाच्या कागदपत्रांमुळे, म्हणजे दंग्यांनंतर व शासनाच्या भाषेत. ज्यांनी तो केला त्यांची भाषा आपल्यापाशी नाही. मराठी गद्याच्या इतिहासात या बहिष्काराला कोठे स्थान द्यावे हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तो सोडवता आला नाही तरी विसरता कामा नये. नाहीतर चाहूल लागण्याचे श्रेय केवळ लिहिता येणाऱ्यांच्या वाट्यास जाते.

६

ही पोकळी काही अंशी जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाने भरून निघते. फुले स्वतः शेतीशी निगडित माळी कुटुंबातले होते, शाळा चालवणारे होते आणि बांधकामाची कंत्राटेही घेणारे होते. शेत, शाळा आणि सरकारी बांधकाम या तिन्ही ठिकाणांहून त्यांनी एकच व्यवस्था पाहिली होती. म्हणून त्यांच्या लेखनात दुवे वेगळे जुळतात. वनखात्याने कुरणे बंद केली, त्यामुळे जनावरे घटली, जनावरे घटल्याने खत घटले, खताअभावी जमीन निकस झाली, आणि त्याच वेळी परदेशी मालाने खेड्यातील कारागीर बेकार होऊन शेतीवर येऊन पडला. ही साखळी त्यांनी मांडली. कर्जाचे मूळ केवळ लग्नकार्यातील उधळपट्टीत शोधणाऱ्या सुशिक्षितांना त्यांनी याच साखळीने उत्तर दिले. वनांविषयीचा नवा कायदा १८७८ मधील आहे. फुल्यांनी लिहिले तेव्हा त्याला पाच वर्षेच झाली होती. कुरणे आणि जंगले यांवरून १९३० मध्ये चिरनेर व इतरत्र जे जंगल सत्याग्रह झाले, त्यांच्यामागील गाऱ्हाणे असे अर्धशतक आधीच लिहून ठेवलेले आढळते.

येथेही जागेचा प्रश्न संपत नाही. 'असूड'ची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात छापली गेली आणि पुढील प्रकरणांचे प्रकाशन तेथे थांबले. 'दीनबंधू' १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेले सत्यशोधकांचे पत्र होते आणि या सुमारास ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती होते. विचाराने जवळच्या व्यक्तीलाही सर्व मजकूर छापणे जड गेले, यावरून सत्य दिसणे आणि ते सार्वजनिक करता येणे यांतील अंतर किती असते ते समजते.

लोखंडे यांचे स्वतःचे कर्तृत्व या इतिहासातील पुढचे पाऊल आहे. ते काही काळ एका गिरणीत नोकरीस होते. माडगावकरांनी जी गिरणी बाहेरून पाहिली, ती त्यांनी आतून पाहिली. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या. आठवड्यात एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० उजाडले. तोपर्यंत शहराच्या सुशिक्षित वर्गाला गिरणी ही देशी उद्योगाच्या यशाची खूण वाटत होती, आणि ती तशी होतीही. त्याच इमारतीत एक नवा वर्ग तयार होत आहे, हे चिन्ह मात्र हजेरीच्या वहीजवळ बसलेल्या माणसाने वाचले. एकाच वस्तूत दोन पूर्वचिन्हे असू शकतात आणि ती दोन वेगळ्या जागांवरून दिसतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण या कालखंडात दुसरे आढळत नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की या लेखकांपैकी कोणीही भविष्य सांगितलेले नाही. त्यांनी वर्तमानातील दोन गोष्टींमधील संबंध इतरांच्या आधी दाखवला : कापूस आणि कापड, रोखा आणि न्यायालय, कुरण आणि कर्ज, गिरणी आणि कामगार. पूर्वचिन्ह ओळखणे म्हणजे वेगवेगळ्या खात्यांत नोंदवलेल्या दोन बाबी एका ओळीत लिहिणे होय. खाती ज्यांनी पाडली त्यांना हे सहसा जमत नाही.

दुसरा निष्कर्ष वाङ्मयप्रकारांविषयी आहे. मराठीत पत्र, वर्णन आणि असूडासारखा आक्रमक निबंध या प्रकारांनी ही नोंद केली. गुजरातीत आख्यानकाव्याने, बंगालीत शहरचित्र व नाटकाने, इंग्रजीत कादंबरीने. प्रत्येक प्रकाराने चिन्हाचा एकेक पैलू धरला आणि दुसरा सोडला. 'मराठीत त्या काळी औद्योगिक कादंबरी का नाही' असा प्रश्न विचारण्यापेक्षा कादंबरीचे ते काम मराठीत कोणी केले असा प्रश्न विचारला, तर आपल्या गद्याचा इतिहास वेगळा दिसू लागेल. शब्दकोशांचाही असा उपयोग करता येईल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी १८५७ ची आहे. या सव्वीस वर्षांत व्यापार, कायदा आणि कारागिरी या क्षेत्रांतील कोणते शब्द नव्याने आले, कोणत्यांचे अर्थ पालटले, याची पद्धतशीर तुलना झाली तर वर उल्लेखिलेल्या लेखनाला एक स्वतंत्र पडताळा मिळेल.

तिसरा निष्कर्ष आपल्या स्वतःच्या कामाला लागू पडणारा आहे. विद्यापीठीय संशोधनात समकालीन समाजाच्या प्रवाहांचा अंदाज घेण्याकडे कल वाढलेला आहे. त्यासाठी आकडेवारी पूर्वी कधी नव्हती इतकी उपलब्ध आहे. १८६५ च्या मुंबईतही आकडे कमी नव्हते. कमी होती ती ज्यांचा त्या तेजीत वाटा नाही अशांची लेखणी आणि तिला मिळणारी जागा. एखाद्या काळातील पूर्वचिन्हे शोधू पाहणाऱ्याने त्या काळी कोणाला लिहिता येत होते, कोणाचे लेखन छापले जात होते आणि कोणाचे अर्ध्यावर थांबवले जात होते, ही चौकशी आधी केली पाहिजे. करडे गावच्या लोकांनी १८७४ मध्ये जे सांगितले ते पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपर्यंत वेळेवर पोचले असते, तर सुप्याच्या बाजारातील कागद जाळण्याची वेळ कदाचित आली नसती. निदान त्याचे आश्चर्य तरी कोणास वाटले नसते.